दोर हातभर कमी पडला

माझी थोरली वहिनी मा पान न्यो हिला कुणी विचारलं, बाई, तुम्ही काय काम करता, तर ती म्हणायची, "ऊन पाडते." विचारणारा परगावचा असला की हसायचा. आम्ही हसत नव्हतो. ब्रह्मदेशात येनानजाँगच्या टेकाडावर राहून ज्याने तेलाच्या विहिरीत कधी दोर सोडला आहे, त्याला ऊन पाडणाऱ्या माणसाची किंमत ठाऊक असते.

विहीर हाताने खणलेली. रुंदी म्हणाल तर आत माणसाने हात पसरले की दोन्हीकडच्या खैराच्या फळ्यांना बोटं लागावीत एवढी. खोली म्हणाल तर वरून खडा टाकावा, पडल्याचा आवाज येईतो जवळच्या माणसाशी दोन शब्द बोलून घ्यावेत. आत दिवा न्यायचा नाही. तिथे वायू असतो, आणि दिवा नेणारा तो एकदाच नेतो. म्हणून कठड्याशी एकजण आरसा घेऊन बसतो आणि सूर्याला धरून सरळ खाली पाठवतो. वहिनीचा आरसा सागाच्या चौकटीतला, तिच्या आईच्या हातचा. सूर्य सरकेल तसा तो केसभर, केसभर कलवत राहायचं. शिंक आली तरी हलू द्यायचा नाही. ती दिवसभरच्या शिंका साठवून ठेवते आणि घरी आल्यावर एका दमात देते, असं माझा भाऊ म्हणायचा.

माझा भाऊ म्हणजे तिचा नवरा, को था डिन. तो खणक्या. विहीर मात्र वहिनीची. आमच्याकडे विहीरवाल्यांची जुनी घराणी आहेत, राजाच्या वेळेपासूनची, आणि विहीर मुलीकडेही जाते. वहिनीला ती आईकडून आली, आईला आजीकडून. भाऊ लग्न करून त्या घरात आला तेव्हा आमच्या आईने त्याला एवढंच बजावलं होतं, "दुसऱ्याच्या घराण्याची विहीर आहे. भांडं फोडलंस तर चालेल, विहीर बुजवू नकोस." तो ते शब्द जन्मभर गाठीला बांधून राहिला. पुढे जे झालं त्यात या शब्दांचाही वाटा आहे, म्हणून सांगितलं.

उन्हातून एकदम खाली गेलं तर काही दिसत नाही. डोळे सरावेपर्यंत श्वास संपतो. म्हणून उतरायच्या आधी खणक्या छपराखाली डोळ्यांवर काळं फडकं बांधून बसतो आणि अंधार आधीच डोळ्यांत भरून घेतो. फडकं बांधायचं ते बायकोने. भाऊ तसा बसला की टोळीला चेव यायचा. एकदा कुणीतरी त्याच्या तळहातावर खायच्या मुरवलेल्या चहापत्तीच्या जागी हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवला. त्याने तो तोंडात टाकला, चावला, गिळला आणि शांतपणे म्हणाला, "मा ख्वे, चहापत्ती छान आहे, घरी अजून असली तर दे." पावलांच्या आवाजावरून त्याने तिला ओळखलं होतं. मा ख्वे त्या दिवशी दोर ओढताना मान वर करून बघेना.

दोर ओढायला आम्ही नात्यातलेच. मी पुढे, मागे दोन चुलत बहिणी, त्यांचे नवरे आणि ही मा ख्वे. विहिरीवरच्या चाकावरून दोर येतो, तो खांद्यावर घेऊन धावेच्या वाटेने उताराकडे चालत जायचं, की खालचं ओझं वर येतं. भाऊ खाली गेला की आम्ही धावेच्या तोंडाशी उभे राहून गाणं म्हणायचो. गाणं ही करमणूक नव्हती, ते आमचं घड्याळ होतं. शेवटचं कडवं संपलं की खालून इशारा येवो न येवो, ओढायचं. माणूस तेवढाच वेळ तिथे माणूस राहतो.

तर अशी ती विहीर. फार देत नव्हती, पण रोज देत होती. मठातल्या फुंगी भिक्षूंना भात, नात्यातल्या पोरींना कान टोचण्याच्या दिवशी रेशमी लुंगी, आणि घरात जे लागतं ते, सगळं त्या भोकातून वर येत होतं.

आता बो हानकाकाची गोष्ट. त्याची विहीर वहिनीच्या पूर्वेला. काका तसा हौशी. गावात पहिली छत्री त्याची, पहिली सायकल त्याची. सायकल त्याला येत नव्हती, तो ती हाताला धरून फिरवायचा. तेलाच्या कंपनीने जागा घेऊन यंत्राने बोअर मारायला सुरुवात केली तेव्हा आपली विहीर देणाऱ्या पहिल्या माणसांत काका असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण नव्याने खणायला जागा अशीच देता येत नाही. आमच्यात मोजणीचा दोर आहे. विहीरवाल्यांच्या मुखियाच्या घरी, ऊ च्यॉ यांच्या माजघरात, बुद्धाच्या कोनाड्याखाली तो गुंडाळून ठेवलेला असतो. नव्या विहिरीच्या तोंडावर एक टोक धरायचं, शेजाऱ्याने दुसरं टोक आपल्या विहिरीच्या तोंडाशी आणायचं. दोर पोचला तर विहिरी जवळ आहेत, नव्याने खणायचं नाही. दोर कमी पडला तर हरकत नाही. शेजाऱ्याने तोंडाने तसं सांगायचं, आणि सांगितलं की झालं. आमच्या पणज्यांनी हा दोर ठरवला तेव्हा त्यांना एवढंच बघायचं होतं की एकाच्या खणण्याने दुसऱ्याच्या फळ्या ढासळू नयेत. हातविहिरींना तो पुरेसा होता. दोन बायका शेजारी शेजारी नांदाव्यात तशा विहिरी नांदल्या.

मोजणीच्या दिवशी मुखिया दोर घेऊन आले. काकाने नवी लुंगी नेसली होती. वहिनीने टोक हातात घेतलं आणि आपल्या कठड्याकडे चालत आली. कठड्याच्या अलीकडेच दोर ताठ झाला.

"किती राहिलं?" मुखियांनी विचारलं.

"हातभर," वहिनी म्हणाली. "दोर हातभर कमी पडतो. घ्या खुशाल, काका. पण तुमचं यंत्र माझ्या कोंबड्यांना भिववणार नाही ना?"

"तुझ्या कोंबड्या यंत्रालाच भिववतील," काका म्हणाला. "त्यांचा आवाज तुझ्या सासूवर गेलाय."

सगळे हसले. वहिनीने मग सगळ्यांना मुरवलेली चहापत्ती खायला दिली, वर तळलेला लसूण आणि तीळ. असं ते ठरलं, हसत हसत. मला अजून आठवतं की दोर गुंडाळताना मुखिया म्हणाले, "अंतर हातभर जास्त आहे, म्हणजे पुण्याईच."

कंपनीचा मनोरा उभा राहिला. सागाचा, नारळाच्या झाडाला मान खाली घालायला लावील एवढा उंच. त्याने सगळ्यांत आधी काय घेतलं असेल तर तेल नाही, ऊन. सकाळी सूर्य वर यायचा तो मनोऱ्याच्या मागून, आणि त्याची जाळीदार सावली बरोबर वहिनीच्या कठड्यावर पडायची. आरशात ऊन यायचं ते तुकड्यातुकड्यांनी, खाली भावाच्या अंगावर नुसत्या पट्ट्या. तो वर येऊन म्हणाला, "आज मी वाघ झालो होतो." वारा फिरला की मनोऱ्याशेजारच्या बॉयलरचा धूर यायचा, आणि मग पट्ट्याही नाहीत.

वहिनी हार मानणारी नव्हती. तिने बाजारातून दुसरा आरसा आणला. तो सावलीच्या बाहेर, धावेच्या टोकाला बांबूवर बांधला आणि माझ्या बायकोला तिथे बसवलं. तिने ऊन पकडून वहिनीकडे फेकायचं आणि वहिनीने ते वळवून खाली सोडायचं. दोन बायका मधल्या मधे सूर्य झेलतायत हे बघायला शेजारच्या विहिरींवरचे लोक कामं टाकून यायचे. पश्चिमेची म्हातारी शेजारीण दॉ लोन पण आली. ती तोंडात सुपारी फिरवत बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पान न्यो, विहिरीत राहणाऱ्या नाटाला अंधाराची सवय असते गं. एक ऊन तो सोसतो, तुझ्या आईमुळे. दोन कशी सोसेल?"

नाट म्हणजे विहिरीचा राखणदार. प्रत्येक विहिरीचा आपला असतो, आणि तो चिडका असतो, हे आम्ही पाळण्यातच शिकतो.

"त्याला सांगा, मावशी, जरा डोळ्यांवर फडकं बांध म्हणून," भाऊ छपराखालून म्हणाला. त्याचे डोळे तेव्हा बांधलेलेच होते. सगळे हसले, दॉ लोन हसली नाही.

पहिल्या पावसाळ्यानंतर भाऊ वर आला आणि त्याने फडक्याने तोंड पुसलं. फडकं कोरडं राहिलं. एरवी तो कमरेपर्यंत तेलात बुडून यायचा. "खाली गेलंय," तो म्हणाला. "पायाला लागतंय, गुडघ्याला नाही." आम्ही दोराला गाठ मारून तुकडा जोडला. काही दिवसांनी आणखी एक. तो खाली लोखंडी टोकाचं मुसळ मारून खणायचा, आम्ही वर माती ओढायचो, आणि जेवढं खणावं त्याहून जास्त तेल उतरलेलं असायचं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आमचं गाणं आता पुरेना. उतरण्यातच अर्धी कडवी संपायची. म्हणून आम्ही नवी कडवी जोडली. मीच जुळवली दोन, मठाच्या शाळेत शिकलेली अक्षरं तेवढ्यापुरती कामाला आली. एक कडवं तर बो हानकाकाच्या सायकलवर होतं. हसत म्हणायचो, पण प्रत्येक नवं कडवं म्हणजे माझ्या भावाचा तेवढा जास्तीचा श्वास, हे सगळ्यांना कळत होतं.

"खाली ऐकू येतं," भाऊ एका संध्याकाळी जेवताना म्हणाला.

"काय?" वहिनी.

"कांडण. शेजारी कुणीतरी भात कांडतंय असं वाटतं. धप्प. मग थोडं थांबतं. मग पुन्हा धप्प. भिंतीला कान लावला की दातात लागतं."

"यंत्राची पहार ती."

"ते कळतं गं मला. पण आवाज बाजूने येत नाही. खालून येतो. माझ्या पायाखालून."

वहिनीने हातातला घास खाली ठेवला. त्या क्षणी तिला सगळं समजलं असं मला वाटतं. दोर आडवा मोजला होता. उभा कुणी मोजलाच नव्हता.

ती दुसऱ्याच दिवशी मुखियांकडे गेली. मी बरोबर होतो. ऊ च्यॉ यांनी सगळं ऐकून घेतलं, चिरूट विझवला, आणि तोच दोर घेऊन परत मोजायला आले. काय करणार, त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच. परत तेच. हातभर कमी.

"पोरी, काकाने नियम मोडलेला नाही," ते म्हणाले. "कंपनीने मोडलेला नाही. तूही मोडलेला नाहीस. मग मी दंड करू कुणाला?"

"दंड नको, आबा. नुसतं तेल थांबवा."

म्हातारा दोर मांडीवर घेऊन बसून राहिला. तो दुष्ट नव्हता. त्याने मला नंतर सांगितलं की त्या रात्री त्याने दोर परत कोनाड्याखाली ठेवला नाही, तिथे ठेवायला तो धजावला नाही.

बोअर मारणारा अमेरिकन साहेब पण एकदा आला होता. लाल कानांचा, हातावर भाजल्याचे डाग. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, भांडण लागलंय असं ऐकून आला. वहिनीने त्याला बसायला चटई दिली, त्याला मांडी घालता येईना, तो पाय लांब करून बसला. दुभाष्याने तिचं म्हणणं सांगितलं. साहेब बराच वेळ बोलला, आणि दुभाष्या म्हणाला, "साहेब म्हणतात, त्यांच्या गावीसुद्धा असंच झालं. त्यांच्या वडिलांच्या शेताशेजारी."

"मग त्यांच्या वडिलांनी काय केलं?"

दुभाष्याने विचारलं. साहेब हसला, पण ते हसणं सरळ नव्हतं.

"शेत दिलं आणि त्याच यंत्रावर कामाला लागले."

साहेबाने चहाबद्दल आभार मानले आणि गेला. त्याचा राग धरावा असं वहिनीला वाटत होतं, पण तो धरायला जागाच सापडेना. संध्याकाळी ती भांडी जोरजोरात घासत होती एवढंच.

त्याच सुमारास पाणबुड्यांची तांब्याची टोपी आली. चार घराण्यांनी मिळून घेतली. टोपीला नळी, नळीला वर भाता, दोघांनी भाता हलवत राहायचं. आता खणक्याला श्वासाची घाई नाही, गाण्याचीही गरज नाही. भाऊ पहिल्यांदा ती घालून आला तेव्हा त्याचं डोकं एवढं मोठं आणि तोंडावर गोल काच. दॉ लोन समोरून येत होती, ती रस्त्यातच गुडघे टेकून हात जोडती झाली. भावाने आतून "मावशी, मी" असं म्हटलं, तो आवाज टोपीतून ढोलातून आल्यासारखा आला, आणि म्हातारीने कपाळ जमिनीला लावलं. आम्ही तिला उचलून घरी नेलं. ती पुढे कितीतरी दिवस सांगत होती की पान न्योच्या विहिरीचा नाट वर आला, आणि तो रागावलेला होता.

टोपीने काही महिने चांगले काढले. मग एके दिवशी नळी संपली. नळी संपली, विहीर संपली नाही. तेल नळीच्या टोकाच्या खाली होतं, फार खाली नव्हतं, भाऊ म्हणायचा, मुसळ सोडलं की भिजून येतं. दोन पुरुष खोल. लांब नळी रंगूनहून मागवायला हवी, आणि तोवर तेल आणखी उतरणार.

त्या दिवशी भात्यावर मी होतो. एकाएकी भाता हलका झाला. रिकामा, नुसता वारा. नळी फाटली असं मला वाटलं. वहिनी आरशावरून ओरडली नाही, आरसाही हलला नाही, ती एवढंच म्हणाली,

"त्याने टोपी काढली."

वरून दिसत होतं तिला. टोपी आडव्या फळीला अडकवलेली, तिच्यावर ऊन चमकत होतं, आणि भाऊ तिच्याखाली दोराला धरून उतरलेला. श्वास कोंडून, जुन्या पद्धतीने, पण जुन्यापेक्षा किती खोल.

"गा," वहिनी म्हणाली.

आम्ही गायलो. कित्येक महिने कुणी गायलं नव्हतं. कुणाचा सूर कुणाला लागेना. जुनं शेवटचं कडवं आलं तिथेच आम्ही थांबलो, सायकलचं कडवं कुणी म्हटलं नाही, आणि सगळ्यांनी मिळून धावेने ओढलं. तो वर आला तो ओल्या गोणत्यासारखा. तोंड निळं. आम्ही त्याला सावलीत नेलं, मा ख्वेने पाठीवर थापा मारल्या. शेवटी तो हसायला लागला. वायू चढला की माणूस दारू प्यायल्यासारखा होतो. तो हसत होता, बरळत होता, आणि त्याच्या मुठीत चिखल होता, तेलाने काळा झालेला. तो वहिनीला दाखवत म्हणत होता, "आहे. अजून आहे. बुजली नाही."

तीन दिवस तो धड बोलला नाही. चौथ्या दिवशी सकाळी छपराखाली जाऊन बसला आणि म्हणाला, "फडकं बांध."

"नाही बांधत."

"पान न्यो."

"नाही म्हटलं ना."

त्याने स्वतःच बांधलं. गाठ नीट बसली नाही, एका डोळ्यावरून फडकं घसरत होतं, आणि तो ते वर सारत बसला. वहिनीने आरसा उचलला, पण भिंतीला पालथा टेकवला. ऊन नाही तर उतरता येत नाही. त्या दिवशी काम झालं नाही. पण आरसा किती दिवस पालथा राहणार? त्याला आरसा धरायला दुसरं कुणी मिळालं असतं, मीच धरला असता, त्याने सांगितल्यावर माझ्याने नाही म्हणवलं नसतं.

"विहीर आहे तोवर तो जाणार," वहिनी मला विहिरीमागे नेऊन म्हणाली. "माझ्या आईची आहे म्हणून जाणार. त्याची स्वतःची असती तर कधीच सोडून दिली असती. भाऊजी, कंपनीला सांगून या. मी देते म्हणावं."

"वहिनी, तुझ्या आजीची विहीर ती."

"आजी काही दोर ओढायला येत नाही."

आता जागा द्यायची म्हणजे पुन्हा मोजणी. आणि पश्चिमेची शेजारीण दॉ लोन. तिची विहीर अजून चालत होती, कारण काकाच्या बोअरपासून ती लांब होती. मुलगा नाही, नवरा नाही, एक जावई खणक्या, आणि ती विहीर. वहिनीच्या जागेवर बोअर बसला की काय होणार हे वहिनीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि दॉ लोनने नाही म्हटलं तर जागा जात नाही, आणि जागा गेली नाही तर भाऊ खाली जातो. मोजणीच्या आदल्या संध्याकाळी वहिनी जेवली नाही. मी काही सुचवावं तर काय सुचवणार, दोन्हीकडे माणसंच होती.

सकाळी मुखिया दोर घेऊन आले. दॉ लोनने टोक धरलं. ती आपल्या कठड्याकडे गेली, दोर ताठ झाला.

"हातभर कमी," ती आनंदाने म्हणाली. "बघा, आबा, हिच्या वेळेसारखंच."

"मावशी," वहिनी म्हणाली, "नाही म्हणा."

सगळे वळून बघायला लागले. भाऊ छपराखाली होता, त्याने मान वर केली.

"अगं, काय म्हणतेस?"

"माझी विहीर यंत्राने आटली. तुमचीही आटेल. ते खालून ओढतं. दोराचा उपयोग नाही. नाही म्हणा, म्हणजे मी देणार नाही."

दॉ लोनने टोक हातात घट्ट धरून तिच्याकडे पाहिलं, जशी माणसं तापातल्या पोराकडे बघतात तशी.

"पोरी, तुझी विहीर यंत्राने नाही आटली. तू तिच्यात दोन सूर्य सोडलेस. मी तेव्हाच सांगितलं होतं. मी माझ्या डोळ्यांनी त्याला वर आलेला बघितलाय, तांब्याच्या डोक्याचा. तुझ्या मनाला लागतंय म्हणून तू यंत्रावर ढकलतेस. माणूस करतो असं."

"मावशी, तो था डिन होता."

"तूही आता असं म्हणायला लागलीस," दॉ लोन म्हणाली, आणि मुखियांकडे वळली. "आबा, दोर काय म्हणतो?"

मुखियांनी ताठ दोराकडे पाहिलं. "दोर कमी पडतोय."

"मग माझी हरकत नाही. हिचा नवरा आधीच अर्धा झालाय. तिला देऊ दे, घेऊ दे. माझा नाट रागावलेला नाही, मी त्याला काळोखातच ठेवलाय."

वहिनी काहीतरी बोलायला गेली. मुखिया दोर गुंडाळायला लागले होते.

झालं. वहिनीच्या विहिरीच्या खैराच्या फळ्या काढल्या, काही इतक्या जुन्या की कुऱ्हाड त्यांच्यात शिरेना. वर मनोरा उभा राहिला. काही महिन्यांत तेल लागलं, आणि असं लागलं की साहेब लोकांनी टोप्या उडवल्या. बो हानकाकाच्या जागेचा बोअर हळूहळू मंदावला. काका आता सायकल विकायला काढून बसला होता, पण घेणाऱ्याला चालवून दाखवता येत नव्हती. दुसऱ्या वर्षी दॉ लोनच्या जावयाच्या गुडघ्यांना तेल लागेनासं झालं.

माझा भाऊ जगला. बरीच वर्षं जगला, खोकत, पण जगला. सकाळी उठला की सवयीने छपराखाली जाऊन बसायचा. कधी कधी डोळ्यांवर फडकं बांधायचा, आणि आता वहिनी ते नीट बांधून द्यायची. थोड्या वेळाने ती येऊन सोडायची. "चल, जेवायला," म्हणायची.

आणि दॉ लोन. ती म्हणाली, चूक माझीच. मी एका पौर्णिमेला नारळ ठेवायचा विसरले होते, पाय दुखत होता. तेव्हापासून दर पौर्णिमेला ती कोरड्या विहिरीच्या कठड्यावर नारळ आणि केळी ठेवायची, गुडघे टेकून बराच वेळ माफी मागायची. नारळ नेऊन द्यायची ती वहिनी. स्वतः निवडून, हलवून, आत पाणी वाजतंय का बघून.

मी एकदा म्हटलं, "वहिनी, तिला सांगून टाक. म्हातारी उगाच गुडघे झिजवते."

"सांगितलं होतं की. तुम्ही होतात ना तिथे."

"पुन्हा सांग."

"आणि पटलं तर?" ती म्हणाली. "मग ती काय करील? आता निदान नारळ तरी ठेवते."

तेवढ्यात दॉ लोन कठड्यावरून उठली, हात टेकत टेकत. तिने नाटाला दाखवून झालेला नारळ फोडून घेतला होता. मोठा तुकडा तिने वहिनीच्या हातावर ठेवला. "खा गं," ती म्हणाली. "तुझ्यासाठी पण क्षमा मागितली त्याच्याकडे."

वहिनीने तो तिच्यासमोरच खाल्ला, सगळा.